दाराआडचं इंग्रजी

आमच्या घरात सासरा सुनेशी बोलत नसे. भांडण होतं म्हणून नव्हे, रीतच तशी होती. थोरला दीरही धाकट्या भावाच्या बायकोशी बोलत नसे. मला काही सांगायचं असलं तर मी सासूबाईंना सांगायचं, त्यांनी ते मामंजींना सांगायचं आणि मामंजींचं उत्तर त्यांनीच मला आणून द्यायचं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. जुन्या जालन्यातलं आमचं घर म्हणजे ओसरी, मागं स्वयंपाकघर आणि मध्ये एक दार. मामंजी ओसरीवर, मी चुलीपाशी. अंतर म्हणाल तर सहा-सात पावलं. एकाचं बोलणं दुसऱ्याला लख्ख ऐकू यायचं. पण ऐकू आलं म्हणजे ऐकलं, असं होत नव्हतं. आत्याबाईंनी दाराशी बसून तेच पुन्हा सांगितलं की मग ते ऐकलं.

हल्लीच्या सुनांना हे सांगितलं की त्या खिदळतात. खिदळा, बायांनो, खुशाल खिदळा. मी याच रीतीनं इंग्रजी शिकले आणि पुढं जन्मभर शाळेत पोरींना शिकवलं. तुमच्यातल्या किती जणींना 'डिसअपॉइंटमेंट' शब्दाचं कूळ सांगता येतं ते सांगा, मग आपण बोलू.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. रझाकारांचं नाव कोणी ऐकलं नव्हतं, त्याच्याही दहा-बारा वर्षं आधीची ही गोष्ट. लग्न होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच माझा नवरा विषमज्वरानं गेला. मूलबाळ नव्हतं. थोरले दीर राजूरकडं शेतावर राहायचे. त्यांची बायको सदा बाळंतीण, घरात चार लेकरं, गोठ्यात जनावरं. तेराव्याचे दिवस झाल्यावर दीर मामंजींना म्हणाले, "तिला तिकडंच पाठवा, आमच्यात राहील." माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला बोलू. पण त्या घरात मामंजींची एक बहीण अशीच 'राहायला' गेली होती. बाई तीस वर्षं शेण काढत राहिली आणि शेण काढता काढताच गेली. मी तिला एकदाच पाहिलं होतं. तिचे हात पाहिले होते. तेवढं पुरे होतं मला.

माझ्या नशिबानं आमच्या गल्लीत मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई राहत. माझे वडील पटवारी. भावांबरोबर मलाही त्यांनी मराठी, हिशेब आणि उर्दू शिकवलेलं. हे कळल्यावर मोठ्या बाईंनी मला अगदी खालच्या वर्गावर घेतलं. पण ते तात्पुरतं. मुस्तकिल व्हायचं, म्हणजे कायमचं, तर मिडलची परीक्षा पास व्हायला हवी, आणि तीत इंग्रजीचा पर्चा होता. झाले पास तर जालन्यात, शाळेत. झाले नापास तर राजूरला, दिरांच्या गोठ्यात. तिसरा रस्ता नव्हता आणि हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

आता इंग्रजी शिकवणार कोण? तरुण विधवेला शिकवायला बाहेरचा मास्तर घरी येणं शक्यच नव्हतं. तेव्हा मामंजी एक दिवस सुपारी कातरता कातरता म्हणाले, "सांग तिला, उद्या पूजा झाली की पाटी घेऊन बसायचं."

आत्याबाईंनी मान आत वळवली. "ते म्हणून राह्यले, उद्यापासून पाटी घेऊन बस."

"बसते म्हणावं," मी म्हणाले.

"बसती म्हणं," आत्याबाई तिकडं म्हणाल्या.

मामंजी तहसील कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. फारसी आणि उर्दू त्यांच्या जिभेवर. इंग्रजी मात्र ते कोणाकडे शिकले नव्हते. जालन्याची छावणी उठली तेव्हा साहेब लोकांच्या सामानाचा लिलाव झाला. बाकीच्यांनी खुर्च्या घेतल्या, कंदील घेतले. यांनी विटेएवढा जाड शब्दकोश घेतला. त्यात प्रत्येक शब्दाचं मूळ दिलेलं होतं, कोणत्या मुलखातून आला, त्याचा बाप कोण, आजा कोण. लोक पोथी वाचतात तसं मामंजी तो रोज दोन पानं वाचत. वीस वर्षांत आठ-दहा वेळा वाचून झाला होता. इंग्रजीत साधं पत्र लिहायला सांगितलं असतं तर त्यांना घाम फुटला असता, हे मला फार पुढं कळलं.

त्यांची शिकवायची तऱ्हाच निराळी. शब्द आला की तो आधी मोडायचा. "बेइमानी घे," ते म्हणायचे. "बे, इमान, ई. पुढं एक तुकडा, मागं एक तुकडा, मधी जीव. इंग्रजाचंही तसंच. अन-काइंड-नेस. अन म्हणजे आपला बे. नेस म्हणजे आपला पणा. सांग तिला." ते पाटीवर तीन तुकडे लिहायचे, पाटी आत्याबाईंच्या हातात द्यायचे. त्या ती हटकून उलटी धरून माझ्याकडं सरकवायच्या आणि तोंडानं सगळं पुन्हा सांगायच्या.

आत्याबाईंना अक्षर ओळखता येत नव्हतं. पण चार दिवसांत त्यांनी आपली सोय लावली. पुढच्या तुकड्याला त्या शिंगं म्हणायला लागल्या आणि मागच्याला शेपूट. "ते म्हणतेत, आधी शिंगं धर, मंग शेपूट धर, मधलं जनावर मंग कुठं जात न्हाई." हेल्पलेसनेस आला तेव्हा त्या हसल्या. "अगं बाई, याला तं दोन शेपटं हायेत!" मामंजींनी डोळे वटारले, पण दुसऱ्या दिवशी तेच स्वतः म्हणाले, "दोन शेपटांचा कालचा शब्द विचार तिला."

एक सांगायचं राहिलं. आत्याबाई सगळंच काही पोचवत नसत. मामंजींचा पारा चढला की त्यांच्या तोंडाला धरबंध नसे. "हिच्या डोक्यात काय भुसा भरलाय का? गधी आहे बिलकुल! सांग तिला!" हे मी माझ्या कानांनी ऐकत असे, तळपायाची आग मस्तकाला जात असे. आत्याबाई शांतपणे आत वळायच्या. "ते म्हणतेत, पुन्यांदा म्हण." मीही काही कमी नव्हते. मी फणकारायचे, "स्वतःला तरी धड म्हणता येतंय का!" हेही तिकडं लख्ख पोचायचं. आत्याबाई तिकडं वळून म्हणायच्या, "समजलं म्हणती." आणि मामंजी खरोखरच "बराबर" म्हणून पुढं जायचे. आत्याबाईंनी जे सांगितलं नाही ते कोणी बोललंच नव्हतं. घरात याच कायद्यानं सगळं चालायचं. मी कायदा म्हणते, कारण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही.

डिसअपॉइंटमेंट हा मामंजींचा लाडका शब्द. त्यावर त्यांनी आठ सकाळी घालवल्या. शेपूट मेंट, म्हणजे केल्याचं नाव. शिंगं डिस, म्हणजे उलटवणं, काढून घेणं. मधी अपॉइंट, म्हणजे तकर्रुर, नेमणूक. त्याच्या पोटात पुन्हा पॉइंट, म्हणजे टोक, टोचून केलेली खूण. गोष्ट एका टोकाला आणून ठरवली की झाली नेमणूक. "आता सांग तिला," मामंजी मांडी बदलून म्हणाले, "नेमणूक काढून घेतली, याचा अर्थ मन मोडणं असा कसा झाला?"

मला काय ठाऊक!

"फ्रेंचांकडचा शब्द. पहिल्यांदा अर्थ एवढाच, की कोणाला ओहद्यावरून उतरवलं. नोकरी गेली. तोंड उतरलं, घरात चूल गप्प, बायको गप्प. लोकांनी पाहिलं आणि म्हणाले, याच्यासारखं दुसरं दुःख नाही. मग लग्न मोडलं तरी तोच शब्द, पाऊस गेला तरी तोच शब्द."

हे पुस्तकात एवढं सगळं नसणार, पुष्कळसं मामंजींच्या पदरचं. एकदा वरच्या साहेबाशी वाजलं म्हणून त्यांना सहा महिने मुअत्तल केलं होतं, म्हणजे कामावरून दूर ठेवलं होतं. आत्याबाईंनी ते दिवस पाहिलेले. त्यांनी हा मजकूर आत पोचवला, पण इतक्या थोडक्यात, की माझ्या लक्षात राहिला. "ते म्हणतेत, नोकरी गेली की लई वाईट वाटतं."

परीक्षेचं केंद्र औरंगाबादला. मामंजी मला घेऊन जाणार हे ठरलेलंच. पण आम्ही दोघंच निघालो तर वाटेत बोलणार कसं? गाडी कोणती, उतरायचं कुठं, तहान लागली, हे सगळं सांगणार कोण? म्हणून तीन तिकिटं काढली. आत्याबाई जन्मात पहिल्यांदा रेल्वेत बसल्या ते आमच्या दोघांच्या मध्ये. खिडकीबाहेर बघायला त्यांना फुरसत मिळाली नाही.

इंग्रजीच्या पर्च्यात पहिलाच प्रश्न होता, खाली दिलेले पाच शब्द वाक्यांत वापरा. आणि पाचांतला पहिला शब्द, काय सांगू तुम्हाला, डिसअपॉइंटमेंट! मला वाटलं गणपतीच पावला. मी शाईत टाक बुडवला आणि सुरुवात केली. शिंगं लिहिली, शेपूट लिहिलं. डिस म्हणजे काय, त्याचे भाऊबंद कोण ते लिहिलं. पॉइंटचं टोक लिहिलं. फ्रेंचांची नोकरी लिहिली. इंग्रजी अडलं तिथं उर्दू घुसवलं. दोन पानं भरली, तिसरं अर्धं झालं. वाक्य तेवढं राहिलं. मला वाटत होतं की शब्द आला म्हणजे हे सगळं यायला हवं. दुसऱ्या कोणत्या तऱ्हेनं शब्द येतो हे मला कोणी दाखवलंच नव्हतं. पहारा करणाऱ्या बाई "थोडाच वेळ राहिला" म्हणाल्या तेव्हा मी मान वर केली. पुढं उतारा होता, भाषांतर होतं, पत्र होतं. पत्राचा मायना लिहून होतोय तोच त्यांनी कागद ओढून घेतला.

बाहेर झाडाखाली मामंजी उभे होते. आत्याबाईंना ओलांडून त्यांचा प्रश्न आला, "काय आलं होतं विचार."

"डिसअपॉइंटमेंट आलं होतं म्हणावं. दोन-अडीच पानं लिहिली."

मामंजींचा चेहरा असा फुलला, तसा मी तो कधी पाहिला नव्हता. "फ्रेंच लिहिलं का विचार."

"लिहिलं."

"टोक?"

"तेही लिहिलं."

"शाब्बास! सांग तिला, शाब्बास म्हणावं!"

करमाड येईपर्यंत ते अगदी खुशीत होते. डब्यातल्या एका अनोळखी माणसालाही त्यांनी पॉइंटचं टोक समजावून सांगितलं. बदनापूर आलं आणि टोक अर्ध्यावरच राहिलं. मग खिडकीकडं बघत म्हणाले, "बाकीचे किती प्रश्न राहिले, विचार तिला."

मी बोटांनी दाखवलं. आत्याबाईंनी तीच बोटं त्यांना दाखवली.

दोन महिन्यांनी निकाल आला. बाकी सगळ्यात पास, इंग्रजीत नापास. मोठ्या बाई स्वतः सांगायला आल्या. म्हणाल्या, "आणखी एक वर्ष मी जागा धरून ठेवते, त्यापुढं माझ्या हातात नाही. पुढच्या परीक्षेचा फॉर्म मात्र या महिन्यातच भरायला हवा." मामंजींनी मान हलवली, पण हो म्हणाले नाहीत. त्यांना कळलं होतं. मी नापास झाले नव्हते, त्यांची तऱ्हा नापास झाली होती. वीस वर्षांचा तो शब्दकोश नापास झाला होता. आणि बिचाऱ्यांना ते सोसत नव्हतं म्हणून सगळा राग माझ्यावर निघाला.

राजूरपर्यंत बातमी जायला कितीसा वेळ लागतो! चौथ्या दिवशी दिवेलागणीला थोरले दीर बैलगाडी घेऊन हजर. रात्री मुक्काम केला. सकाळी चहा झाल्यावर दोघं बापलेक ओसरीवर बसले. आत्याबाई दाराशी नेहमीच्या जागी बसून सुपात ज्वारी निवडत होत्या. मी आत भांडी घासत होते.

"बस झालं," मामंजी म्हणाले. "घेऊन जा तिला. अगं, सांग तिला, पेटी भर म्हणावं. ऊन चढायच्या आत निघायचंय."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मला ते हात दिसले, शेणात गेलेल्या त्या बाईचे. आता आत्याबाई मान वळवतील आणि सांगतील. सांगितलं की झालं, मग माझ्या हातात काही नाही.

आत्याबाईंनी मान वळवली नाही. ज्वारीतला खडा उचलून त्यांनी अंगणात टाकला.

"ऐकलं का? सांग तिला."

आणखी एक खडा.

"अगं सांग म्हणतो ना!" मामंजींचा आवाज चढला.

"आई," दीर म्हणाले, "बाबा काय म्हणून राह्यले?"

"मला ऐकू येतं," आत्याबाई म्हणाल्या.

"मंग सांग की."

"हात गुंतलेत माझे."

ज्वारी संपली. आत्याबाई उठल्या, तुरीची डाळ घेऊन आल्या आणि पुन्हा तिथंच बसल्या. डाळ झाली, मग हरभरे आणले. घरात निवडायचं म्हणून जे जे होतं ते त्या दिवशी निवडून झालं. बाहेर दोन पुरुष बसलेले, अंगणात गाडी उभी, आणि मला पेटी भर म्हणून सांगणारं घरात दुसरं कोणी नाही! मामंजी बोलू शकत नव्हते. दीर बोलू शकत नव्हते. मामंजी मुलाला म्हणाले, "तू सांग." दीर दचकून म्हणाले, "मी कसा सांगू? वाटलं तं शेजारच्या काकूला बोलावतो." त्यावर मामंजी उसळले, "घरातली गोष्ट गल्लीत नेतोस?"

खरं सांगते, गुणी सून असती तर तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं नसतं. मुकाट्यानं पेटी उचलून गाडीत जाऊन बसली असती. मला सगळं ऐकू येत होतं. पण मला तर, बाई, कोणी काही सांगितलंच नव्हतं! मी चूल पेटवली, पिठलं टाकलं, भाकरी केल्या. आत्याबाईंनी ताटं बाहेर नेली. बापलेक जेवले. जेवताना दोघंही ताटातच बघत होते. मग दीर म्हणाले, "उजेडात राजूर गाठायला पायजे." बाजारातून मिठाचं पोतं घ्यायचं होतं ते घेऊन ते गेले. जाताना आईच्या पाया पडले. मी आत जमिनीवर मटकन बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

त्यानंतर आठ दिवस घर मुकं होतं. मामंजी आत्याबाईंशी बोलले नाहीत, त्याही त्यांच्याशी बोलल्या नाहीत. शब्दकोश फडक्यात बांधून फळीवर गेला. फॉर्म भरायची मुदत जवळ आली आणि मोठ्या बाई दोनदा दारावरून जाता जाता थबकून गेल्या. मला विचारायची सोय नव्हती. विचारणार कोणामार्फत?

नवव्या दिवशी पूजा झाली. मामंजी ओसरीवर येऊन सुपारी कातरत बसले. आत्याबाई हात पुसत आल्या आणि दाराशी बसल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं मान वळवली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"अगं, ते म्हणून राह्यले, पाटी घेऊन ये. औंदा पुन्यांदा परीक्षेला बसायचं. फारम भरायला सांगितलाय."

मामंजींच्या हातातला अडकित्ता थांबला.

ते एक अक्षर बोलले नव्हते. सकाळपासून त्यांच्या तोंडून पूजेतल्या मंत्रांशिवाय काही निघालं नव्हतं. त्यांना ठाऊक, मला ठाऊक. आता हा माणूस ओरडणार, मी कधी म्हणालो! त्यांनी तोंड उघडलंही. पण ते सांगणार कोणाला? 'सांग तिला, मी असं म्हणालो नाही', हे म्हणायचं तरी ते पोचवणार आत्याबाईच. आणि त्या तर दाराशी बसल्या होत्या, पाय दुमडून, दोन्ही हात गुडघ्यांवर. आज त्यांनी निवडायला काहीच आणलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मजकूर गाळला होता, मऊ केला होता, पण न बोललेला मजकूर कधी सांगितला नव्हता. त्या नवऱ्याकडं बघतही नव्हत्या.

अडकित्ता पुन्हा चालला, एक सुपारी कातरून झाली. मग मामंजी खाकरले.

"वाक्यं करायला सांग तिला," ते म्हणाले. "नुसती वाक्यं. रोज वीस."

"ते म्हणतेत, वाक्यं कर," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता नेहमीसारखा खाली आला होता. "शिंगं-शेपूट औंदा न्हाई."

वर्षभर मी वाक्यं केली. मोठ्या बाईंनी पत्रं आणि भाषांतरं तपासून दिली. मामंजी कधी शब्द मोडायला लागले की स्वतःच जीभ चावत. पुढच्या परीक्षेला आम्ही तिघं पुन्हा गेलो आणि मी पास झाले. पहिली नव्हे, दुसरी नव्हे, पास. शाळेतून नेमणुकीचा कागद आला तो उर्दूत होता. मामंजींनी ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचला, मुस्तकिल हा शब्द दोनदा वाचला आणि म्हणाले, "सांग तिला, आता कोणी हिला हलवू शकत नाही." मग गल्लीत कोणाला तरी दाखवायला म्हणून कागद घेऊन बाहेर गेले.

घरात आम्ही दोघीच उरलो. मी आत्याबाईंच्या पाया पडले आणि विचारलं. वर्षभर पोटात ठेवलेलं होतं.

"त्या दिवशी मामंजी तसं काही म्हणाले नव्हते ना?"

"न्हाई."

"मग तुम्ही त्यांचं म्हणून का सांगितलं?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागावल्या नव्हत्या. एखाद्या लेकराला सांगावं तसं सांगत होत्या.

"मंग काय माझं म्हणून सांगू? मला वाटतं हिनं परीक्षा द्यावी, असं मी म्हणले असते, तं या घरात कोणी ऐकलं असतं का गं?"

मी ऐकलं असतं, हे माझ्या अगदी तोंडापर्यंत आलं. पण दोन वर्षं ही बाई रोज सकाळी माझ्यासमोर दाराशी बसत होती. ते काय म्हणतात, एवढंच मी तिला विचारत आले होते. तुम्हाला काय वाटतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी खाली बघितलं. नसतं ऐकलं. मीसुद्धा नसतं ऐकलं.